शंभरातला एक तळ

"हा चढ आज जास्त वाटतोय गं," सासूबाई म्हणाल्या.

"चढ कसा वाढेल, आई? बोटं गार पडली असतील तुमची."

"बोटं माझी आहेत. मला कळतं." तरी त्यांनी खिडकीतल्या उन्हात बोटं धरली, एकमेकांवर चोळली आणि मांडीवरच्या ठोकळ्यावर पुन्हा टेकवली. "हं. आता बरोबर. ही लांबट टेकडी, तिच्यापलीकडे ती दुसरी, आणि मधे हा."

दोन टेकड्यांच्या मधे एक खळगा होता. सासूबाईंचा अंगठा त्यात नेमका बसे.

ठोकळा चहाच्या ट्रेएवढा होता, राखाडी रंगाचा, आणि त्यावरच्या सगळ्या टेकड्या विंचरलेल्या केसांसारख्या एकाच दिशेला गेलेल्या होत्या. वर्षानुवर्षं हात फिरून त्यांचे माथे गुळगुळीत झाले होते. सासूबाईंना आता उजेड आणि अंधार एवढंच कळे, आणि मधे कुणी येऊन उभं राहिलं तर तेवढं. पण या टेकड्यांवरून त्या न चुकता फिरत. कुठे चढ आहे, कुठे टेकडीची सोंड संपते, कुठून आत वळायचं.

"येताना शेंगा आण सोलायला," त्या म्हणाल्या. "हात रिकामे राहिले की मी हे घेऊन बसते, आणि मग तू बघत बसतेस माझ्याकडे."

"मी कुठे बघते?"

"बघतेस. तुझं बघणं ऐकू येतं मला."

सून हसली आणि दाराशी वाकून चपलेचा बंद लावू लागली.

"आणि ऐक. मी गेले की हे माझ्या हातात दे. विसरशील."

"आई, सकाळी सकाळी काय हे?"

"मग काय दुपारी सांगू? मुलाकडे जायचं तर पायाखालची जमीन ओळखीची असलेली बरी."

सून बंद लावून उभी राहिली. तिने दार हळूच ओढून घेतलं. जिना उतरताना रोजच्यासारखा कठड्याला हात लावला आणि आज पहिल्यांदाच तिला त्या लाकडातल्या बारीक उंचसखल रेषा जाणवल्या.

कार्यालयात तिला सगळे तळबाई म्हणत. मागे म्हणत तसं तोंडावरही म्हणत. समुद्राच्या तळाचं गणित करणारी बाई म्हणून तळबाई. सुरुवातीला तिला ते आवडलं नव्हतं. नंतर दूरध्वनीवर तीच कधीकधी "मी तळबाई बोलतेय" असं बोलून जाई.

समुद्राच्या तळाचे नकाशे बघितले की वाटतं सगळं कुणीतरी मोजून ठेवलं आहे. तसं नसतं. उपग्रहांना मोठे डोंगर तेवढे कळतात, तेही जाड गादीखाली झोपलेल्या माणसाचे गुडघे कळावेत तसे. लहान टेकड्या, शंभरेक मीटर उंचीच्या, एखाद्या गावाएवढ्या रुंदीच्या, त्या कळायच्या तर जहाज न्यावं लागतं. जहाज पोटाखालून आवाज सोडतं आणि तळावरून परत येणारा प्रतिध्वनी ऐकत ऐकत पुढे सरकतं. त्याच्या वाटेखालचा एक पट्टा तेवढा उजळतो. दोन वाटांच्या मधे सगळं कोरं.

ते कोरं भरायचं काम तळबाईचं. कारण तळाशी वाहणाऱ्या पाण्याला टेकड्या लागतात. टेकड्यांवर आपटल्याशिवाय खोल पाणी ढवळलं जात नाही, आणि कोऱ्या कागदावरून वाहणाऱ्या पाण्याचं गणित खोटं येतं. मग शेजारचा मोजलेला पट्टा घ्यायचा. तिथल्या टेकड्या सरासरी किती उंच, किती रुंद, कुठल्या दिशेला लांबलेल्या, पृष्ठभाग किती खडबडीत, एवढ्या गोष्टी मोजायच्या. त्या सूत्रात घालायच्या, संगणकाला एक आकडा द्यायचा, आणि तो त्या आकड्यावरून फासे टाकत जातो तशा टेकड्या उगवतात. आकडा बदलला की टेकड्या बदलतात. जात तीच, जागा वेगळ्या. नव्याने आलेल्यांना ती सांगे, "इथे टेकडी आहे असं आपण म्हणत नाही. इथे टेकड्या असल्याच तर अशा असतील, एवढंच म्हणतो. ओळखीच्या घराण्यातला अनोळखी चेहरा. त्याला नावाने हाक मारायची नाही."

हे ती फार स्वच्छ सांगे. आणि तिने स्वतः एकाला हाक मारली होती.

तिचा नवरा मालवाहू जहाजावर दुसरा इंजिनिअर होता. वीसेक वर्षांपूर्वी एका वादळात ते जहाज गेलं. शेवटचा संदेश आला तेव्हा ते कुठे होतं हे जेवढं कळलं तेवढंच कळलं. नकाशावर बोट ठेवलं तर बोटाच्या टोकाखाली झाकून जाईल एवढी जागा. प्रत्यक्षात ती एका शहराहून मोठी. तिथे समुद्र चार हजार मीटरहून खोल, आणि तळ कोरा. त्या वेळी ती एका शाळेत गणित शिकवत असे. पुढे नोकरी बदलून ती या कार्यालयात आली. का आली हे तिला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर इथे पगार बरा आहे असं तिने सांगितलं असतं.

त्या कोऱ्या चौकोनाचं काम आलं तेव्हा रीतीप्रमाणे तिने शंभर तळ काढले. एकाच जातीचे, एकाच वजनाचे, शंभर. गणिताच्या दृष्टीने त्यातला कुठलाही दुसऱ्यापेक्षा अधिक खरा नसतो. शंभरही एकत्र बघायचे असतात, सरासरी काढायची असते. तिने ती काढली. मग ते शंभर तळ एकेक करून पुन्हा उघडले, आणि त्यातल्या एकाशी थांबली. त्यात दोन लांब टेकड्यांच्या मधे एक खळगा होता, आणि तळाशी वाहणारा प्रवाह ज्या बाजूने येतो त्या बाजूला नेमकी एक सोंड आडवी आलेली होती. पाणी वरून निघून जाईल. आत काही हलणार नाही. नकाशावर कोऱ्या जागी दाखवायला एक तळ लागे, तिने तोच लावला.

खाली कार्यशाळेत थरावर थर घालून नमुने बनवणारं यंत्र नवीनच आलं होतं. चाचणीसाठी काहीतरी द्या म्हणाले. तिने तो तळ दिला. ठोकळा झाल्यावर कुणाला नको होता, म्हणून ती पिशवीत घालून घरी घेऊन आली. सासूबाईंची नजर तेव्हा नुकतीच अंधुक होऊ लागली होती. त्यांनी तो हातात घेतला, चाचपला.

"हे कुठलं?"

"तिथलं."

"त्याच्याकडचं?"

"हं," ती म्हणाली होती. तेवढंच. त्या एका हुंकारावर पुढची सगळी वर्षं उभी राहिली होती.

ते अगदी खोटंही नव्हतं. जोवर कुणी मोजलेलं नाही तोवर तो तळ तिथला असू शकत होता. शंभरात एक, हजारात एक, पण असू शकत होता. आणि आता या आठवड्यात मोजणीचं जहाज त्याच चौकोनात शिरणार होतं. हे तिने घरी सांगितलं नव्हतं.

"आज तुमच्या कुंपणापर्यंत आलं बघा," धुलाईवाले म्हणाले.

धुलाईवाले म्हणजे तिच्या समोरच्या टेबलावरचे. जहाजाकडून आलेल्या मोजणीतला कचरा धुऊन काढणं हे त्यांचं काम. बुडबुडे, माशांचे थवे, लाटेने जहाज कललं म्हणून वाकडे गेलेले बिंदू. माणूस अंगाने भरदार, बोलायला मोकळा. सकाळी टेबलावर पाण्याची बाटली ठेवली की काल काय काय धुतलं ते सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"काल एक अख्खा थवा धुतला. एवढे मासे, एवढे मासे, की मला वाटलं डोंगरच वर येतोय."

"मासेच कशावरून?"

"पुढच्या फेरीला डोंगर पळून गेला होता, बाई."

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर चौकोन दिसत होता. रिवाज असा की मोजलेला तळ निळा-हिरवा दाखवायचा आणि गणिताने भरलेला राखाडी. जहाजाचे पट्टे उत्तरेकडून एकेक खाली सरकत होते आणि त्यांच्याखाली राखाडी जात होतं. जमिनीवरचा जुना पडदा कुणीतरी हळूहळू ओढून घ्यावा तसं. उद्याचा पट्टा तिच्या चौकोनाच्या मधोमध पडणार होता.

अशा प्रत्येक नव्या पट्ट्याआधी या खोलीत चहाची पैज लागे. खरा तळ उघडण्यापूर्वी प्रत्येकाने फळ्यावर लिहायचं, टेकड्या सरासरी किती उंच निघतील. ज्याचा अंदाज सगळ्यात लांब पडेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. साहेब आतल्या खोलीतून येऊन साठ लिहून गेले. धुलाईवाल्यांनी ऐंशी लिहिले.

"तुमचे किती, तळबाई? तुमचंच शेत आहे ते."

"सत्तर," ती म्हणाली, आकडा लिहिला, आणि खडू हातातच राहिला.

धुलाईवाल्यांनी तिच्याकडे बघितलं. त्यांना किती माहीत होतं ते तिला कधी कळलं नव्हतं. इतकी वर्षं समोरासमोर बसल्यावर माणसाला न सांगितलेलंही बरंच माहीत होतं. त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"उद्या सकाळी मी लवकर येऊन उघडून ठेवू का?" त्यांनी विचारलं. "म्हणजे तुम्ही यायच्या आत. धुऊनबिऊन."

"नको. मीच उघडते."

"बरं. मग मी न धुता ठेवतो. धुवायचं काय, नंतरही धुता येतं."

दुपारी घरी जाताना बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. ऊन काचेतून आत पडलं होतं आणि बस हलली की ते माणसांच्या खांद्यांवरून, पिशव्यांवरून, कुणाच्या पांढऱ्या केसांवरून लाटेसारखं पुढे जाई आणि मागे येई. तिने डोळे मिटले. डोळे मिटले की ती खाली जात असे. हे तिने कुणाला कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही घडत नसे. आधी निळं, मग गडद निळं, मग काहीच नाही, आणि त्या काहीच नाहीमध्ये पायाला उतार लागे. ती सोंडेवरून उतरे. डाव्या हाताला लांब टेकडी. इथे पाणी पाठीवर ढकलतं. इथे ढकलायचं थांबतं. मग आत वळायचं.

तो कुशीवर झोपलेला असे. तो तसाच झोपायचा. सुट्टीवर घरी आला की पहिले काही दिवस त्याला पलंगावर झोप यायची नाही. पलंग हलत नाही म्हणायचा. मग जमिनीवर पसरायचा आणि पांघरूण लाथाडून द्यायचा. लग्नानंतर सासूबाईंनी तिला शिकवलेली पहिली गोष्ट तीच होती. "जाड काही घालू नकोस, फेकून देतो. पातळ चादर घाल. आणि अशी घाल की घातली हे त्याला कळता कामा नये. लहानपणापासून मी तशीच घालत आलेय." मग सकाळी दोघी दाराशी उभ्या राहून बघायच्या, राहिली का अंगावर. राहिलेली दिसली की सासूबाई तिच्याकडे बघून भुवया उडवायच्या. जणू परीक्षेचा निकाल लागला आणि सून पास झाली.

"बाई, शेवटचा थांबा," कंडक्टर म्हणाला.

ती उतरली. तिचा थांबा दोन थांबे मागे राहिला होता. परत चालत येताना तिने शेंगा घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टा आलेला होता. धुलाईवाले शब्दाला जागले होते, कशालाही हात लावला नव्हता. ते आपल्या टेबलावर एका कागदावर उगाच रेघा ओढत बसले होते. तिने पर्स टेबलावर ठेवली, खुर्ची पुढे ओढली आणि उघडला.

पडद्यावर वरून खाली निळा-हिरवा रंग उतरू लागला. एकच रंग. तो उतरतच राहिला. तिने वाट पाहिली. कुठेही गडद झाला नाही, कुठेही फिका झाला नाही. मधूनच एखादा माशाचा, बुडबुड्याचा ठिपका चमकून जाई. पट्टा तळाशी पोचला आणि थांबला.

"यंत्र बिघडलं वाटतं," धुलाईवाले उठून आले. "असं कसं? थांबा, थांबा." त्यांनी बाजूचे आकडे काढले, जहाजाच्या डोलण्याची नोंद तपासली, आवाजाचा पाण्यातला वेग तपासला. साहेब आतून आले. तिघांनी मिळून सगळं पुन्हा बघितलं. यंत्र ठीक होतं.

तळ सपाट होता.

"गाळ," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "म्हणजे दक्षिणेकडच्या उतारावरून आलेला असणार. केव्हातरी लाखो वर्षांपूर्वी कडा ढासळला असेल आणि गाळाची लाट इथवर आली असेल. मधल्या जागा भरत भरत टेकड्याच बुजवल्या तिने! अहो, हे कुणालाच माहीत नव्हतं." ते दूरध्वनी करायला जवळजवळ धावतच आत गेले.

तिने उंचीचा आकडा काढला. दोन मीटर. शहराहून मोठ्या जागेत दोन मीटर. फळ्यावर साठ, सत्तर, ऐंशी तसेच होते.

"तुमच्या टेकड्या असतील, बाई," धुलाईवाले हळूच म्हणाले. "खाली असतील. गाळाखाली."

"असतील," ती म्हणाली. "पण त्या माझ्या नसतील."

भिंतीवरच्या पडद्याच्या मधोमध अजून राखाडी शिल्लक होतं. नवा पट्टा बाजूला वाट बघत होता. या खोलीत ते काम ज्याचं त्याने करायचं असे. ज्याने भरलं त्यानेच पुसायचं. तिने कळ दाबली. राखाडी टेकड्या, सोंड, खळगा, आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं एका क्षणात गेलं. तिथे निळं-हिरवं आलं, वाऱ्याशिवायच्या तळ्यासारखं.

"पुसलं," ती म्हणाली. असं म्हणायचीही रीत होती.

पैज कुणीच जिंकली नव्हती, आणि ऐंशी लिहिणारे सगळ्यात लांब पडले होते. धुलाईवाल्यांनी चहा आणला. तिच्या कपात साखर त्यांनीच ढवळली आणि कप तिच्या टेबलावर ठेवून माशांचे ठिपके धुवायला बसले.

चहा गार होईपर्यंत ती पडद्याकडे बघत राहिली. घरी काही सांगायची गरज नव्हती. सासूबाई नकाशे बघत नव्हत्या, त्यांना कुणी सांगणारं नव्हतं. ठोकळा तसाच राहिला असता, आणि एक दिवस त्यांच्या हातात ठेवला गेला असता. पण कालपर्यंत तो एक अंदाज होता. आजपासून ती चूक होती. अंदाज घरात ठेवता येतो. चूक आहे हे माहीत असलेली गोष्ट म्हातारीच्या हातात देऊन तिला वाटेला कसं लावायचं?

खाली कार्यशाळेतल्या यंत्रवाल्याने पट्ट्याचा मधला तुकडा पडद्यावर उघडला आणि मान वाकडी करून बघितला.

"बाई, यात करायचं काय? ही तर फरशी आहे."

"तेवढीच करायची."

"उंची वाढवतो ना? तुमचा मागचा होता तो पाचपट उंच केला होता आपण. हा वीसपट करू. थोडं काहीतरी लागेल हाताला."

पाचपट. ते तिला माहीत होतंच. नमुने तसेच करतात, नाहीतर डोळ्याला उठाव दिसत नाही. पण सासूबाई इतकी वर्षं ज्या चढावर बोटं टेकून थांबत, तो चढही तिथल्या कुठल्याही चढाच्या पाचपट होता, हे तिने असं कधी मनात मांडलं नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "आहे तेवढीच."

"तुमची मर्जी. पण मग हिच्यावर पोळपाटासारखं काम करता येईल, सांगून ठेवतो."

घरी पोचली तेव्हा ऊन खिडकीतून पलंगाच्या पायापर्यंत आलं होतं. सासूबाई कालच्या शेंगा सोलत होत्या. दाणे वाटीत, टरफलं मांडीवरच्या कागदावर. ठोकळा शेजारी, हात लांबवला की लागेल असा.

"लवकर आलीस?"

"हो."

"बस. उभी राहून श्वास घेऊ नकोस, काहीतरी सांगायचंय असं वाटतं."

ती बसली. आणि तिने सांगितलं. गणितासारखं सांगितलं, पहिल्या पायरीपासून, कारण दुसरी कुठली रीत तिला येत नव्हती. तिथला तळ कुणी मोजलेला नव्हता. आम्ही तो भरला. असे शंभर भरले. हा त्यातला एक. आता जहाज जाऊन आलं. तिथे टेकड्या नाहीत.

सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"म्हणजे हे त्याच्याकडचं नाही."

"नाही."

"म्हणजे इतकी वर्षं मी भलत्याच डोंगरावरून हात फिरवतेय."

"आई—"

"आणि तू बघत बसायचीस." त्यांनी शेंग मोडली. दाणा वाटीत न पडता जमिनीवर घरंगळला. "मी दाखवायचे तुला, ही सोंड, हा चढ. तू हं हं करायचीस. एवढी शिकलेली तू, एक दिवस सांगवलं नाही?"

सुनेने घरंगळलेला दाणा उचलून वाटीत टाकला. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. सासूबाईंनी आणखी एक शेंग सोलली, आणखी एक. तिसरी घेतली नाही.

"शंभर होते म्हणालीस."

"हो."

"मग हाच का आणलास?"

तिने हात एकमेकांत गुंफले. हा प्रश्न येईल असं तिला वाटलं नव्हतं.

"याला खळगा होता," ती म्हणाली. "बाकीच्यांत होते, पण उघडे. तळाशी पाणी वाहतं ना, ते इथून येतं. याला त्या बाजूने आडोसा होता."

सासूबाईंनी मांडीवरचा टरफलांचा कागद बाजूला ठेवला. मग हात लांबवून त्यांनी ठोकळा ओढून घेतला. बोटं ओळखीच्या वाटेने निघाली, सोंडेवरून उतरली, डावीकडून वळली. अंगठा खळग्यात बसला.

"इथे ठेवला होतास त्याला?"

"हं."

"मीपण," सासूबाई म्हणाल्या.

बराच वेळ त्या अंगठा तिथून काढेनात. मग त्यांनी ठोकळा उचलला आणि सुनेच्या मांडीवर ठेवला, झोपलेलं मूल एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर द्यावं तसा, खालून हात लावून.

"हा तुझ्याकडे ठेव. इतका हात फिरलाय, टाकवणार नाही. आणि खरा कसा आहे म्हणालीस?"

तिने पिशवीतून नवा ठोकळा काढला. सासूबाईंनी दोन्ही हात पुढे केले. आधी कडा चाचपल्या, चारही कोपरे मोजले, मग पृष्ठभागावर बोटं टेकवली आणि जुन्या सवयीने चढ शोधू लागल्या. बोटं घसरत पलीकडच्या कडेला गेली. परत आली.

"काहीच नाही गं इथे."

"सपाट आहे. गाळ आहे."

"चिखल?"

"चिखल नाही. पिठाहून बारीक असतं, मऊ. वरच्या पाण्यात बारीक जीव असतात, त्यांचे शिंपले. वाऱ्याने आलेली धूळ. सगळं हळूहळू खाली येतं. इथे खाली पोचायलाच कितीतरी दिवस लागतात."

"मऊ म्हणालीस."

"अगदी मऊ."

"अजून पडतोय?"

"पडतोच. थांबत नाही कधी. पण फार सावकाश, आई. हजार वर्षांत बोटाच्या अर्ध्या पेराएवढा."

सासूबाईंनी स्वतःचं पेर दुसऱ्या हाताने चिमटीत धरून बघितलं.

"मग त्याच्यावर किती पडला असेल आत्तापर्यंत?"

तिने मनातल्या मनात भागाकार केला. तो तिने याआधी कधीच केला नव्हता.

"दोन कागद एकावर एक ठेवले तर जेवढी जाडी होईल, तेवढा."

"चादरीपेक्षा पातळ?"

"बराच पातळ."

सासूबाईंनी मान हलवली. "मग त्याला कळलं नसेल," त्या म्हणाल्या.

ऊन आता ठोकळ्यावर आलं होतं. त्यांनी तळहात मधोमध ठेवला आणि कडेकडे नेला. पुन्हा मधोमध आणला, दुसऱ्या कडेकडे नेला. कुठेही सुरकुती नव्हती, तरी त्या सारखी करत राहिल्या. शेवटी त्यांनी एका कोपऱ्याशी बोटं दुमडली आणि तिथे नसलेलं काहीतरी अलगद आत खोचलं.